ह्यात त्यांना उरतं काय?

तर झालं असं, की डिसेंबर २०२५ मधल्या दुसऱ्या शनिवारी गावाला गेलो होतो. गाव म्हणजे लोणी देवकर, तालुका इंदापूर. पुण्याहून सोलापूर हायवेने निघालं की भिगवणच्या पुढे लागतं. एमआयडीसी झाल्यापासून लोकांना नाव तरी ठाऊक आहे, नाहीतर "लोणी म्हणजे लोणी काळभोर ना?" ह्या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी कॉलेजची चार वर्षं गेली.

ऊसतोडीचे दिवस. हायवेवर डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरच्या मागे पाऊण तास घालवून घरी पोचलो, चहा झाला, आणि डोक्यावरून एक छोटं विमान घरघरत गेलं. बारामतीला वैमानिक तयार करणाऱ्या शाळा आहेत, त्यांची विमानं आमच्या रानांवर घिरट्या घालत असतात. आता म्हशीसुद्धा मान वर करत नाहीत. पण आमची बारकी (तात्यांची धाकटी, माझी चुलत बहीण) अंगणात जाऊन पार दिसेनासं होईपर्यंत ते बघत उभी राहिली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

जेवणं झाल्यावर तात्या म्हणाले, "आरं, तुझ्याकडं एक हिशेब हाय. बारकीला इमान शिकायचंय. खालच्या अंगाची दोन एकर काढावी म्हणतो."

माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. एक म्हणजे मी सॉफ्टवेअरवाला. गावाकडे सॉफ्टवेअरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्तीपासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळ्यातला तज्ज्ञ, पण विमान? बरं, मी गेली काही वर्षं एका परदेशी एअरलाइनच्या तिकीट-दराच्या सॉफ्टवेअरवर काम करतो हे तात्यांना माहीत आहे, त्यामुळे "तुझ्याच खात्यातलं हाय की" असं ते म्हणाले. आणि दुसरं म्हणजे, त्या दोन एकराच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. त्यामुळे हा नुसता सल्ल्याचा मामला नव्हता, माझी सहीही लागणार होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, असते तर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता. तो प्रश्न त्यांनी मला २००६ साली विचारला होता.

तेव्हा मी बंगळूरला नोकरीला होतो. एअर डेक्कनचा जमाना. कॅप्टन गोपीनाथ नावाचा सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, जो मधल्या काळात कर्नाटकात शेती करत होता, त्याने २००३ साली ही कंपनी काढली. विमानावर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, आणि नशीब असेल तर एक रुपयात तिकीट. मला काही एक रुपयाचं मिळालं नाही, पण रेल्वेच्या एसीच्या आसपास मिळालं, म्हणून हौसेने अण्णांना मुंबईहून बंगळूरला घेऊन गेलो. सीट नंबर नसायचे, आधी येईल त्याची खिडकी. अण्णांनी ते ऐकलं आणि बस थांबताच भराभर शिडी चढून टोपी काढून खिडकीच्या सीटवर ठेवली. एस्टीत आयुष्य गेलेला माणूस! मी लाजेने अर्धा झालो, अण्णा मात्र खूश.

विमान वर गेल्यावर त्यांनी घरून आणलेली चपाती-भाजी सोडली, तिकिटाचा आकडा पुन्हा विचारला आणि म्हणाले, "ह्यात त्यांना उरतं काय?"

मंडळी, भारतीय विमान व्यवसायावर मी नंतर कितीतरी रिपोर्ट वाचले. ह्यापेक्षा नेमका प्रश्न मला कुठे भेटला नाही.

कारण उत्तर सोपं आहे, बहुतेकांना काहीच उरत नाही. १९५३ ते १९९४ कायद्याने ह्या धंद्यात सरकारी मक्तेदारी होती. नव्वदच्या दशकात दारं उघडली आणि तेव्हापासून ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, डेक्कन, पॅरामाउंट, किंगफिशर, जेट, गो फर्स्ट... ही यादी म्हणजे आमच्या तालुक्यातल्या बंद पडलेल्या पतसंस्थांसारखी वाचता येते. डेक्कन २००७-०८ मध्ये किंगफिशरच्या पोटात गेली. किंगफिशर २०१२ ला जमिनीवर आली. जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. आणि गंमत म्हणजे ह्याच काळात प्रवासी वाढतच गेले. २०२४ साली देशांतर्गत विमानांतून १६ कोटींहून जास्त प्रवास झाले. गिऱ्हाईक वाढतंय आणि दुकानं बंद पडतायत, असा हा धंदा.

तात्यांना मी हे कोथिंबिरीवरून सांगितलं. बाजारात सकाळी जुडी वीस रुपये. संध्याकाळी पाचला तीच पाच रुपयांना, आणि सातला गाईच्या पुढ्यात. विमानाची सीट म्हणजे कोथिंबीर. दरवाजा बंद झाला की रिकाम्या सीटची किंमत शून्य. विमान भरलेलं असो की अर्धं, इंधन, भाडं, पगार जवळपास तेवढेच. म्हणून शेजारचा दर पाडतो, मग तुम्ही पाडता, मग तो अजून पाडतो. (माझ्या नोकरीचं काम हेच, कोणती जुडी किती वाजता किती रुपयांना विकायची.)

बरं, कमाई रुपयात आणि मोठे खर्च डॉलरमध्ये. बरीचशी विमानं आपल्या कंपन्यांच्या मालकीची नसतातच, भाड्याची असतात, आणि भाडं डॉलरमध्ये जातं. रुपया घसरला की एकही चूक न करता तोटा. त्यात इंधन, म्हणजे एकूण खर्चाचा तीस-चाळीस टक्के वाटा. विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. गो फर्स्ट बुडाली तेव्हा तर भाड्याने विमानं देणाऱ्या परदेशी मालकांना स्वतःचीच विमानं लवकर परत मिळेनात. शेवटी २०२५ साली संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

तात्या म्हणाले, "म्हंजे साखर कारखान्यावानीच की. ऊस बी आपला, घाटा बी आपला."

"मग इंडिगो कशी चालते?" बारकीने दारातून विचारलं. ती सगळं ऐकत होती तर!

इंडिगोने २००६ साली पहिलं विमान उडवण्याआधीच, २००५ मध्ये, १०० विमानांची ऑर्डर दिली होती. घाऊक खरेदी, घाऊक सूट. विमान ताब्यात आलं की विकायचं आणि तेच भाड्याने घ्यायचं, म्हणजे हातात रोख. एकाच जातीची विमानं, म्हणजे सुटे भाग एक, ट्रेनिंग एक. आणि जमिनीवर विमान कमीत कमी वेळ. आज दर दहा देशांतर्गत प्रवाशांतले सहाहून जास्त तिचे. पण एका बैलावर सगळी मोट चालवली की तो बैल बसल्यावर काय होतं ते ह्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिसलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या लँडिंगचे नवे नियम लागू झाले, वेळापत्रकाला वैमानिक पुरेनात, आणि हजारो फ्लाइट रद्द झाल्या.

"म्हणजे पायलट कमी पडतायत," बारकी म्हणाली.

पोरगी हुशार आहे.

इथे माझी पंचाईत झाली. कारण मी जे सांगत होतो ते कंपनीचं गणित होतं, आणि बारकी कंपनी काढत नव्हती, नोकरी मागत होती. ही दोन गणितं वेगळी आहेत. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० आणि एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांच्या ऑर्डरी जाहीर केल्या. ती विमानं कोणीतरी उडवणारच. त्यात भारतातल्या वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे ह्या बाबतीत बारकी चुकीच्या देशात जन्मलेली नाही.

पण दुसरी बाजूही आहे. लायसन्सला दोनशे तास उडायला लागतं. तात्यांनी चौकशी केली तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास आकडा सांगितला गेला. त्यात मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग धरलेलं नाही, ते आणखी काही लाख. लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. २०२३ साली देशात सोळाशेच्या वर लायसन्स दिली गेली, आणि कंपन्या भरती करतात ती विमानं येतील तशी. २०२० मध्ये दोन महिने आकाशच बंद होतं, त्या वर्षी लायसन्स घेऊन बाहेर पडलेल्यांना विचारा.

काकी इतका वेळ गप्प होत्या. भांडी ठेवता ठेवता म्हणाल्या, "आन कडबनवाडीचं इसरला व्हय रं?"

२५ जुलै २०२२. कडबनवाडी आमच्याच तालुक्यात, चिंकाऱ्यांच्या माळरानाचं गाव. तिथे शेतात एक ट्रेनिंगचं विमान कोसळलं होतं. चालवणारी शिकाऊ मुलगीच होती. नशिबाने थोडक्यात वाचली. त्या दिवशी घराघरात तोच विषय होता, आणि काकींच्या डोक्यात तो अजून आहे.

बारकी म्हणाली, "आई, पप्पा रोज टू-व्हीलरवर हायवे क्रॉस करत्यात, तवा तू काय म्हणत नाय." ह्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

रात्री झोप येईना. उठून लॅपटॉप काढला आणि एक्सेल उघडलं. कर्ज, व्याज, नोकरी लागायला लागणारी वर्षं, सगळं घालून बघितलं. तीनदा बघितलं. तिन्ही वेळा उत्तर "नको" आलं. मग लक्षात आलं की प्रत्येक वेळी मी आकडे थोडे थोडे वाईट बाजूला ढकलत होतो. का? तर त्या दोन एकराचा भाव एमआयडीसीमुळे वाढतोय, आणि कधीतरी पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज फेडायला माझा हिस्सा उपयोगी पडेल, असं माझ्या मनात होतं. हे मी कोणाला बोललो नव्हतो. स्वतःलासुद्धा नाही. वर सांगितलेलं डॉलरचं आणि कोथिंबिरीचं गणित शंभर टक्के खरं आहे, पण त्या रात्री मी त्याच्या आडोशाला उभा होतो. असो.

सकाळी तात्यांना सांगितलं, सही करतो, पण क्रमाने. आधी मेडिकल. क्लास टू आणि मग क्लास वन. डोळे, कान, हृदय, सगळं. तिथे अडलं तर पुढचं सगळंच थांबतं, आणि हे कळायला एक गुंठाही विकावा लागत नाही. मग डीजीसीएचे पेपर, नेव्हिगेशन, हवामान, नियम. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतंच, ते घरी अभ्यास करूनही देता येतात. ते सुटले तर मग शाळा. शाळा निवडताना चकचकीत इमारत बघायची नाही. चालू विमानं किती, शिकवणारे किती, आणि एका मुलाला महिन्याला खरोखर किती तास मिळतात, हे तिथे शिकणाऱ्या पोरांनाच चहा पाजून विचारायचं. दोनशे तासांना दीडएक वर्ष लागायचं तिथे तीन लागली तर खर्च दुप्पट. डीजीसीएने २०२५ पासून ह्या शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघायची. आणि फी एकरकमी कधीच नाही, जसे तास तसे पैसे. शेवटी जमीन, तीही आधी एक एकर, उरलेलं कर्ज.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आन समजा येवढं करून नाय लागली नोकरी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं सांगितलं.

"बरं," तात्या म्हणाले. "डाळिंब लावली तवा तेल्या येणार नाय आसं कुणी लिहून दिलं नव्हतं. दोनदा बाग काढली, तिसऱ्यांदा लावलीच की."

सोलापूरचं विमानतळ आठवलं. तिथे विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची को-जनरेशनची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा ऊसवाले शेतकरी किती हळहळले होते. जून २०२५ मध्ये तिथून गोव्याचं विमान सुरू झालं. कोणाचं तरी काहीतरी पाडल्याशिवाय आपल्याकडे धावपट्टी होत नाही, पुरंदरची सात गावं सध्या तेच अनुभवतायत. आमच्या घरात निदान विचारून तरी चाललं आहे.

मेडिकलची तारीख जानेवारीतली मिळणार आहे. त्याची फी बारकी दुधाच्या पैशातून भरते आहे, तात्यांकडून तिने घेतले नाहीत.

निघताना गाडी काढत होतो तर वरून पुन्हा एक विमान गेलं. काकींनी मान वर करून बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "त्या पोरांचे आईबाप बी आसंच बघत आस्तील न्हाई?"

हायवेला लागलो. पुढे पुन्हा उसाची डबल ट्रॉली. ह्या वेळी हॉर्न वाजवला नाही.