ऑकनानूरची गढी

आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे शहरातून ऊक्टरार्डच्या रस्त्याला लागलं, की गावाच्या थोडं अलीकडे ऑकनानूरची पाटी लागते. गाडी लावून ओढ्याच्या काठाने चालत गेलो, तर समोर सहा मजली, चौकोनी दगडी मनोरा. आमच्या मुलांच्या डोक्यात रायगड, सिंहगड. "एवढाच किल्ला?" धाकटीने विचारलंच.

तिला म्हटलं, हा किल्ला नव्हेच, ही गढी. आपल्याकडे देशमुखांची असायची ना, तशी. राहायचं घर, पण दार लावून घेतलं की लढता येईल असं. इथे त्याला टॉवर हाउस म्हणतात. डब्लिनच्या आसपासच्या आपल्या प्रजेने अशी घरं बांधावीत म्हणून इंग्लंडच्या राजाने १४२९ मध्ये दहा पौंडांचं अनुदानही ठेवलं होतं. पण इकडे पश्चिमेला आयरिश सरदारांनी ती स्वतःच्याच पैशाने बांधली. ऑकनानूर हे ओ'फ्लाहर्टी घराण्याचं, साधारण १५०० सालचं.

भीती कुणाची? बऱ्याचदा शेजाऱ्याचीच! गुरं पळवणं हा तेव्हाचा राजरोस उद्योग होता. म्हणून मनोऱ्याभोवती भिंतीचं आवार असतं, त्याला 'बॉन' म्हणतात. मूळ आयरिश शब्दाचा अर्थच गुरांचा कोट. इथे अशी दोन आवारं आहेत, एकाबाहेर एक.

दारातून आत शिरलं की वर बघायचं. छताला एक भोक ठेवलेलं आहे. नको तो पाहुणा आला, तर वरून दगड घालायची सोय! खाली अंधारं कोठार, माणसांचा वावर वरच्या मजल्यांवर. जसजसं वर जावं तसतशा खिडक्या मोठ्या होतात. गोल जिना उजवीकडे वळत चढतो. वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा म्हणून, असं गाइड लोक रंगवून सांगतात. आम्हाला ते फारसं पटत नाही. शत्रू जिन्यापर्यंत आला म्हणजे निम्मं घर गेलंच की!

आम्हाला खरी गंमत वाटते ती अशा घरांतल्या दगडी कमानींची. कमान बांधताना खाली विणलेल्या काटक्यांचे तट्टे लावत, त्यावर चुना आणि दगड. तट्टे कधीच कुजून गेले, पण त्यांची वीण चुन्यात उमटलेली अजून दिसते. अगदी आपल्या सुपाच्या पाठीसारखी.

१५७२ मध्ये इंग्रजांच्या सर एडवर्ड फिटनने ही गढी घेतली आणि त्याच घराण्यातल्या, पण इंग्रजांशी जमवून घेतलेल्या मरोला दिली. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते? पुढे सतराव्या शतकाच्या धामधुमीत घर हातचं गेलं. १७१९ मध्ये ब्रायन ओ'फ्लाहर्टीने ते परत विकत घेतलं, तेही गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर. हप्ते फिटेनात. सावकार लॉर्ड सेंट जॉर्जने घर ताब्यात घेतलं. हे वाचल्यावर आम्ही दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिलो. गहाणखतावर सह्या आम्हीही केल्यात.

मेजवानीचा दिवाणखाना नदीने खालून पोखरून पाडला. त्याची एकच भिंत उरलीय. तिच्या खिडक्यांवर द्राक्षवेली कोरलेल्या आहेत, त्या चुकवू नका. गढी हिवाळ्यात बंद असते, तेव्हा मंडळी, उन्हाळ्यातच जा. आणि जिन्यासाठी पायात चांगले बूट घाला.