गोळीची बैठक

घरी काडतूस भरताना गोळी नळीतल्या पिळाच्या जितकी जवळ तितका नेम पक्का, असं मी बरीच वर्षं मानत आलो. अमेरिकेत आल्यावर मी एफ-क्लासच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरलो, .308ची रायफल घेतली, काडतुसं भरायला शिकलो आणि पुढे इतरांना शिकवलंही. त्यांनाही मी हेच सांगितलं. आज मी तसं मानत नाही, आणि का मानत नाही हे त्यांना नीट कळावं असं मला मनापासून वाटतं.

पितळी केसच्या तोंडात गोळी किती खोल जाणार हे सीटिंग डायवर ठरतं. काडतूस चेंबरमध्ये गेलं की गोळी आणि नळीतल्या पिळाच्या उंच कडा, म्हणजे लँड्स, यांच्यात थोडी मोकळी जागा राहते. बार झाला की गोळी ती जागा ओलांडून पिळात शिरते. या उडीला सगळे जंपच म्हणतात, आणि ती इंचाच्या हजारांशांत मोजतात. तीन हजारांश म्हणजे जवळपास माणसाच्या केसाची जाडी.

माझ्या जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. गोळीला धावायला जागाच ठेवली नाही तर ती तिरकी शिरणार कशी, हा तर्क सरळ आहे. आखूड पल्ल्याचे बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून मारणारे, 6 पीपीसी काडतुसाच्या गोळ्या कित्येकदा पिळात रुतवूनच मारतात, आणि त्यांचे गट, म्हणजे कागदावर एकत्र पडलेली छिद्रं, पाहिले की वाद घालायची हिंमत होत नाही.

शिवाय गोळी पिळाला नेमकी टेकते ती जागा शोधण्याच्या कामात मला अपार आनंद मिळायचा. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवायचे. दारू-प्राइमर नसलेल्या केसमध्ये गोळी मुद्दाम लांब ठेवून बोल्ट बंद करायचा. गोळी पिळात अडकली असेल तर हँडल उघडताना बोटांना बारीकशी ‘टिक’ लागते. गोळीवर काळं मार्कर फिरवलेलं असेल तर लँड्सनी खरवडलेल्या चौकोनी खुणा भिंगाखाली स्पष्ट दिसतात. मग गोळी थोडीथोडी आत सरकवत जायचं. एका क्षणी टिक नाहीशी होते, हँडल स्वतःच्या वजनाने खाली येतं. तिथे कॅलिपर लावायचा. तोही टोकापासून नाही, कारण टोकं एकसारखी नसतात. कॉम्परेटर लावून ओजाइव्हपासून, म्हणजे गोळीच्या निमुळत्या उतारावरच्या ठरावीक व्यासापासून मोजायचं. हे काम मी आजही तितक्याच प्रेमाने करतो. फरक इतकाच की त्या आकड्याकडून आता माझी अपेक्षा वेगळी आहे.

पहिली शंका नळीनेच मनात घातली. प्रत्येक बाराच्या उष्णतेने आणि दाबाने पिळाची सुरुवात झिजते आणि लँड्स पुढे सरकत जातात. .308 त्या मानाने सौम्य, 6.5-284सारखी जास्त दारू जाळणारी काडतुसं फार वेगाने नळी खातात. पण सरकतात सगळ्यांचेच. पाच हजारांशांची जंप मी जिवापाड जपत होतो, आणि मोसमाच्या शेवटी मोजलं तर ती दुपटीच्याही पुढे गेलेली असायची. मी डाय फिरवून पुन्हा पिळाच्या मागे लागायचो. खरं तर एक प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता: जंप बदलत असूनही मधल्या स्पर्धांत गुण कमी का झाले नाहीत?

दुसरी गोष्ट अधिक पटली. मी सगळी काडतुसं एकाच मापाची भरली, पण डब्यात वेगवेगळ्या खोलीची असल्यासारख्या चिठ्ठ्या लावल्या आणि तीन-तीन गोळ्यांचे गट मारले. कागदावर सुरेख नक्षी उमटली. इथे गट घट्ट, पुढे सैल, पुन्हा घट्ट. खोली बदललेलीच नव्हती हे ठाऊक नसतं तर मी त्यातला सर्वांत घट्ट गट निवडून ‘हीच ती जागा’ म्हणालो असतो.

यामागचं गणित साधं आहे. ज्या रायफलचा तीन गोळ्यांचा गट सरासरी अर्धा इंच येतो, ती काहीही न बदलता कधी पाव इंच, कधी पाऊण इंच दाखवते. गोळ्या वाढवल्या की गट मोठा होतो: पाच गोळ्यांचा गट तीनच्या सरासरी सव्वापट, दहाचा दीडपटीहून जास्त. आणि दोन टोकांच्या छिद्रांमधलं अंतर मोजताना उरलेल्या छिद्रांनी सांगितलेलं आपण टाकूनच देतो. म्हणून मी आता मीन रेडियस काढतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक छिद्राच्या अंतराची सरासरी. त्यात एकेका गोळीचं म्हणणं येतं.

थोड्या छिद्रांवर विसंबू नये, हा धडा खरं तर मला नवा नव्हता. मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे कॉलेजात .22 मारायचो. त्या खेळात काडतूस भरण्याचा प्रश्नच येत नाही. कारखान्याचा लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेली काडतुसं, निवडायचा, बस. पॅरिसमध्ये 2024 साली राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसळेने 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तो हाच खेळ. ही .22वाली मंडळी लॉट तपासताना रायफल पकडीत घट्ट बसवून गोळ्यांमागून गोळ्या मारतात. तीन छिद्रांवर लॉट कुणी विकत घेत नाही. ही शिस्त मला तरुणपणीच माहीत होती. भरण्याच्या टेबलाशी ती लागू करायला मला फार उशीर झाला, याचं वाईट वाटतं.

आता मी उलट्या बाजूने विचार करतो. सर्वांत घट्ट गट देणारं एक माप शोधत नाही. दोन्हीकडे थोडं हललं तरी गट बिघडत नाही असा रुंद पट्टा शोधतो. गोळीचा आकार इथे महत्त्वाचा. जुन्या व्हीएलडी, म्हणजे हवेचा रोध कमी ठेवणाऱ्या, गोळ्यांचा सीकंट (एकदम वळणारा) उतार बैठकीबाबत हट्टी. हायब्रिड गोळीत सुरुवातीचा उतार टँजंट (सलग वळणारा) आणि पुढचा सीकंट, म्हणून ती बरंच सांभाळून घेते. या गोळ्या बनवणारी बर्गर कंपनीही पूर्वी व्हीएलडी पिळाला टेकवूनच बसवायला सांगायची. नंतर तिनेच चाचणीची वेगळी पद्धत दिली: पिळात किंचित रुतवण्यापासून सुरू करायचं, मग थेट 40, 80 आणि 120 हजारांश मागे. त्या मोठ्या पावलांचं शहाणपण मला तेव्हा पटलं नव्हतं. माझ्या रायफलमध्ये 200 ग्रेनची हायब्रिड बरीच मागे बसवल्यावर सुखाने चालते, आणि मोसमभर मी डायला हात लावत नाही.

सुरक्षिततेबद्दल माझं मत तेव्हाही हेच होतं, आता अधिक ठाम आहे. जंप ठेवून ठरवलेली दारू तशीच ठेवून गोळी पिळाला टेकवली तर दाब वाढतो. बैठक त्या बाजूला न्यायची असेल तर दारू कमी करून पायरीपायरीने वर यायचं. याला अपवाद नाही. शिवाय रुतलेली गोळी घेऊन तुम्ही फायरिंग लाइनवर आडवे आहात आणि ‘सीझ फायर’ झालं, तर बोल्ट उघडल्यावर केस हातात येते, गोळी नळीत राहते आणि दारू सगळ्या ॲक्शनमध्ये सांडते. सामना तिथेच संपतो.

हजार यार्डांवर एफ-क्लासचं दहाचं वर्तुळ दहा इंचांचं, आतलं एक्स पाच इंचांचं. तिथे माझे गुण जातात ते वाऱ्याला. डायवर घालवलेल्या दुपारी मी वाऱ्याच्या झेंड्यांकडे पाहत घालवल्या असत्या तर अधिक शिकलो असतो, असं आज प्रामाणिकपणे वाटतं. बेंचरेस्टवाल्यांशी माझा वाद नाही; त्यांचा पल्ला, त्यांच्या गोळ्या आणि दर काही बारांनंतर माप घेण्याची त्यांची तयारी वेगळी. पण माझ्याकडून शिकलेल्यांपैकी कुणी अजून पाच हजारांश जपत बसला असेल, तर त्याने एकदा चाळीसवर जाऊन वीस गोळ्यांचा एकच गट मारावा आणि तो कागद मला दाखवावा.