परतीच्या वाटेवरचे पुणे

पुण्यात मी प्रथम आलो तो नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीत शिकण्यासाठी. पुढे अनेक ठिकाणी सेवा करून पुन्हा याच शहराच्या पूर्व भागातील एका धर्मग्रामात माझी नेमणूक झाली. सारी मिळून अठरा वर्षे. एवढ्या काळात पुणे मला चांगले परिचित झाले आहे, असा माझा समज होता. खरे पाहता मला परिचित होते ते रस्ते : चर्चपासून इस्पितळापर्यंतचा, इस्पितळापासून दफनभूमीपर्यंतचा आणि बिशप हाउसकडे जाणारा. मधले शहर स्कूटरच्या आरशात मागे पडत असे.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी खिळलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देण्याचा आमचा परिपाठ आहे. यादीत चौदा नावे, आणि अकरा वाजता शाळेची बैठक. गुरुवार पेठेतील एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर एक आजी राहत. 1972च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आलेल्या, आता काचबिंदूने दृष्टी गेलेली. त्यांच्या वाट्याला माझी पाच मिनिटे येत.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी स्कूटर नादुरुस्त झाली आणि मी पायी गेलो. उंबरठ्याशी पोहोचलो तोच आजी म्हणाल्या, “फादर, आज फटफटी न्हाई वाजली तुमची?” प्रार्थना झाली, ख्रिस्तशरीर दिले. मी उठू लागलो तेव्हा त्यांनी विचारले, “चालत आला, तर वाटंनी काय दिसलं?”

“रहदारी फार आहे, आजी.”

“ती मला हितं बी ऐकू येती,” त्या हसून म्हणाल्या.

मी निरुत्तर झालो. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयावर आजवर मी किती प्रवचने दिली असतील! आणि डोळस मनुष्य म्हणून अर्ध्या तासाच्या वाटेतील एक गोष्ट मला सांगता आली नाही.

त्यानंतर स्कूटर दुरुस्त झाली, तरी पहिल्या शुक्रवारी मी पायीच जाऊ लागलो. जाताना छातीशी पवित्र साक्रामेंत असते. तेव्हा रेंगाळणे उचित नव्हे. म्हणून पाहायचे ते परतताना, आणि सांगायचे ते पुढच्या महिन्यात. माझी बातमी नेहमी महिनाभर शिळी असे. आजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. शाळेची बैठक मात्र मी दुपारवर ढकलली.

सोमवार पेठेत नागझरीच्या काठी अठराव्या शतकातील त्रिशुंड गणपतीचे काळ्या पाषाणाचे मंदिर आहे. जवळून शेकडो वेळा गेलो असेन, पण वळून पाहिले ते तेव्हा. दर्शनी भिंतीवर शिपायांनी साखळदंडाने जखडलेला गेंडा कोरला आहे, आणि आत संस्कृत लेखांच्या जोडीला एक फारसी लेखही आहे. फारसीचे आजींना काही वाटले नाही. गेंड्याने मात्र दहा मिनिटे घेतली. “म्हशीवानी असतो का?” म्हशीहून मोठा, नाकावर शिंग, असे मी त्यांचा हात हाती घेऊन हवेत रेखून दाखवले. “मंग बांधला कशापायी?” याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

दृश्यांपेक्षा त्यांना नाद प्रिय. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठोका मी जमिनीवर बोटांनी वाजवून ऐकवला, तर त्यांनी तो दुरुस्त केला. तरुणपणी त्या आळीत त्यांनी धुणीभांडी केली होती.

एकदा त्या म्हणाल्या, “रविवारी पंचहौदाच्या घंटा वाजल्या की मी उठून बसते आन् क्रूस करते. आपली घंटा हितवर येत न्हाई.” पवित्र नाम देवालयाचा तो उंच घंटामनोरा मी कितीदा तरी दुरून पाहिला होता. ‘त्यांचे’ चर्च म्हणून आत पाऊल टाकले नव्हते. आमच्या पिढीच्या घडणीत ही एक अढी होती, ती माझ्यातून पूर्ण गेली नव्हती हे येथे कबूल करतो. त्या दिवशी परतताना आत गेलो. मंदिरात कोणी नव्हते. मागच्या बाकावर बराच वेळ बसलो. निघताना देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी चहा पुढे केला. 1890 साली याच मिशनमध्ये टिळक-रानड्यांपुढे चहा आला, आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. माझ्या चहाचा बोभाटा झाला नाही. आजींना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “साखर होती का?”

यंदा तो वाडा पाडायला निघाला. दिवाळीनंतर मुलाने आजींना गावी नेले. गल्लीच्या तोंडाशी आता पत्रे ठोकले आहेत. फटीतून चौकातला दगडी हौद दिसतो, त्यात पावसाचे पाणी आहे आणि दुपारी त्यावर चिमण्या उतरतात. ही बातमी सांगायची राहिली आहे.

त्यांच्या गावचे धर्मगुरू सेमिनरीत माझ्याच वर्गात होते. त्यांना मी पत्र घातले आहे : आजींकडे ख्रिस्तशरीर घेऊन जाल तेव्हा मोटरसायकल वेशीपाशी ठेवा आणि पायी जा. त्या विचारतील.