सिव्हिल लाइन्समधली उंच गाडी

जयपूरच्या रेल्वे स्टेशनावरून मानसरोवरच्या दिशेची मेट्रो पकडली की पहिलेच स्थानक सिव्हिल लाइन्स. पर्यटक सहसा उलट दिशेला, चांदपोल आणि बडी चौपडकडे जातात, कारण हवा महाल तिकडे. सिव्हिल लाइन्सला पाहण्यासारखे काय आहे, असे विचाराल तर राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांची निवासस्थाने, तीही बाहेरूनच! बाकी रुंद रस्ते, उंच भिंती आणि त्या भिंतींशी स्पर्धा करणाऱ्या मोटारी. इथे फाटकाशी उभी असलेली गाडी जितकी उंच तितका मालक मोठा, असा काहीसा समज असावा.

माझे मामा नोकरीनिमित्त इकडे आले ते इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांनी महिंद्रा थार घेतली. ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनते आणि आजीही नाशिकची. त्यामुळे ती गाडीला कौतुकाने ‘माहेरची’ म्हणते. मात्र या माहेरच्या पाहुणीत चढायला आजीच्या गुडघ्यांना जमत नाही. मामी डिकीत एक लाकडी पाट ठेवते. तो खाली मांडायचा, आजीने त्यावर उभे राहायचे आणि मग दोघांनी हात द्यायचा.

मी पोहोचले तेव्हा घरात याच गाडीवरून वाद पेटला होता. सुट्टीत सगळ्यांनी जैसलमेरच्या पुढे, सम गावच्या वाळूत जायचे ठरले होते. मामेभावाचे म्हणणे, त्याआधी गाडी दोन इंच उचलून घ्यावी आणि मोठे टायर चढवावेत. शेजारच्या बंगल्यातल्या मुलाने तसेच केले होते ना! मामा म्हणाले, ‘‘अगं, तू पेपरवाली, तूच सांग याला.’’ मला कुठले कळतेय? शेवटी आम्ही अजमेर रोडलगतच्या एका गॅरेजात मामांच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने आधी टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. २४५/७५ आर १६ म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि आतली रिम १६ इंचांची. भावाला हवा होता २६५/७५. कागदावर हिशेब मांडला तर टायरचा व्यास ३० मिलिमीटरने वाढत होता. पण आस टायरच्या मधोमध असतो, म्हणून तो वर जाणार निम्माच, म्हणजे १५ मिलिमीटर. करंगळीच्या रुंदीएवढा!

‘‘आणि ते दोन इंच?’’ भावाने विचारले. मिस्त्रीने त्याला गाडीखाली वाकायला लावले. मागच्या आसावर मधोमध एक गोल डबा असतो, तो डिफरन्शियल. खडकाला आधी तोच टेकतो. लांब स्प्रिंगा घातल्या किंवा स्प्रिंगांवर स्पेसर ठेवले तरी हा डबा जागचा हलत नाही, उचलली जाते ती फक्त वरची बॉडी. मोठे टायर वळताना आणि खड्ड्यात दबताना आत घासू नयेत एवढ्यासाठीच ती उचलायची. म्हणजे दीड सेंटिमीटरसाठी पाच सेंटिमीटरचा खटाटोप.

त्याची किंमत पुढे मोजावी लागते. गाडीचा भार वर सरकतो, त्यामुळे वळणावर ती जास्त कलते. पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे तिरके होऊन त्यांचे सांधे लवकर झिजतात, अलाइनमेंट पुन्हा करावे लागते. जड चाकांमुळे ब्रेकवर ताण येतो. मीटरचा काटा शंभरावर असताना गाडी खरी १०४ च्या वेगाने धावत असते. यात कायदाही आहेच. कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनी हेच आधी तपासणार, ही काळजी मामांची.

कड्याकपारीत सतत हिंडणाऱ्यांचे गणित वेगळे असेल. ज्यांना वाळूतच जायचे आहे, त्यांना मात्र मिस्त्रीचा सल्ला फारच स्वस्तातला होता: हवा कमी करा. रस्त्यावर तीस पाउंडांच्या आसपास असलेली हवा वाळूत सोळा-अठरावर आणली की टायर लांबट पसरतो, वजन वाटले जाते आणि चाक रुतत नाही. एवढ्या हवेवर जोरात वळायचे मात्र नाही, टायर रिममधून निसटतो. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरून घ्यायची.

भावाचे तोंड उतरले होते. पण गॅरेजातून निघताना गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप आणि दाब मोजायचा गेज त्यानेच विकत घेतला. मामांनी त्याच फेरीत दारांखाली बसवायच्या पायऱ्यांची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी तालीम म्हणून आम्ही सांभरला गेलो. सरोवराच्या पात्रात गाडी घालायची नाही, हे आधीच ठरले होते. वरून कोरडी दिसणारी खारट पापडी खालून चिखल असते. गावाबाहेरच्या भुसभुशीत वाटेवर भावाने चारही टायरांतली हवा सोडली आणि आजीने गेज हातात धरून आकडे वाचले. वीस, एकोणीस, अठरा... गाडी सावकाश पलीकडे गेली आणि तशीच परत आली. मग पंप घरघरत राहिला आणि आम्ही सावली शोधून मामीच्या दशम्या खाल्ल्या.

घरी निघताना आजी दाराशी उभी राहून म्हणाली, ‘‘अरे, माझा पाट कुठेय?’’

तो वाटेवरच राहिला होता. भाऊ पळत जाऊन घेऊन आला.