साल सुटणें

ग्रीक भाषेंत 'लोपान' असें एक क्रियापद आहे. झाडाची साल सैल होऊन सहज सुटूं लागणें, एवढेंच तें सांगतें. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याच्या वनस्पतींवरील ग्रंथांत तें भेटतें. इसवी सनापूर्वीं ३७१ च्या सुमारास जन्मलेल्या या पंडितानें आपला वड कधीं पाहिला नव्हता. तरी शिकंदराच्या स्वारींतून आलेल्या माहितीवरून त्याच्या पारंब्यांचें नेटकें वर्णन त्यानें करून ठेवलें आहे. ऐकलेलें नीट ऐकणें हा त्याचा गुणच होता. 'लोपान' हा शब्दही तो स्वतःच्या नांवावर मांडीत नाहीं. लोक यास असें म्हणतात, इतकेंच सांगतो. आणि प्रकरण लांकूडतोडीचें असल्यामुळें हे लोक म्हणजे कुऱ्हाड चालविणारेच असले पाहिजेत.

पालवी फुटण्याच्या दिवसांत सालीखालीं ओलावा धरतो. पाइनसारख्या झाडांचीं जीं खोडें गोलच वापरावयाचीं, तीं तेव्हांच तोडावीं. मागाहून साल हट्टानें चिकटते आणि लांकूड काळें, कुरूप दिसतें. आजचा शास्त्रज्ञ ओलाव्याऐवजीं साल व लांकूड यांमधल्या वाढत्या पेशींच्या कोवळ्या थराकडे बोट दाखवील, पण हंगाम तोच सांगेल.

संस्कृत शिकलेल्यास येथें 'लोप' आठवणारच. तो मोह आवरावा. 'लोपा'चा धातु 'लुप्', म्हणजे तोडणें. ग्रीक शब्द सोलण्याच्या धातूपासून आलेला आहे, आणि कुष्ठरोगाचें 'लेप्रसी' हें नांव त्याच कुळांतलें.

मराठींत साप कात टाकतो. पेरूचें झाड काय टाकतें? साताऱ्यास परसांतल्या पेरूचे तांबूस पापुद्रे सोलण्यांत मीं कित्येक दुपारी घालविल्या, पण त्या वेळीं शब्दाची गरज कोणाला होती! शब्द भेटला तो सांगलीस, प्राध्यापकी करीत असतांना, आणि तोही ग्रंथालयांत नव्हे. गुलाबावर डोळा भरावयास आलेल्या माळ्यानें जंगली खुंटाला चाकूचें टोंक लावून पाहिलें आणि चाकू मिटला. "सर, साल सुटंना अजून. चार दिस पाणी द्या, मग येतो." हें अगदीं 'लोपान'च! आम्हां पदवीधरांवर सोंपविलें असतें तर आम्हीं 'त्वचाशैथिल्य' किंवा असलेंच कांहींतरी घडविलें असतें.

मात्र पेरूची साल आणि माळ्याची साल एक नव्हे. पेरू टाकतो ती बाहेरची, मेलेली. माळ्याला सुटावयास हवी असते ती जिवंत. हा भेद तासगांवच्या द्राक्षबागाइतदाराला पुरता ठाऊक असतो. वेलीच्या खोडावरची वाळलेली साल तो हातानें ओरबाडून काढतो, कारण तिच्याखालीं पिठ्या ढेकूण दडतो. त्यांत वेलीचें कांहींच जात नाहीं. मणी लहान असतांना मात्र कित्येक बागाइतदार जिवंत सालीचेंही एक अरुंद वळें कापून काढतात. पानांनीं केलेली साखर मग मुळांकडे न जातां कांहीं दिवस वरच अडून राहते व मणी फुगतो. जखम कांहीं आठवड्यांत भरते. वळें रुंद झालें तर भरत नाहीं.

कृष्णाकांठच्या अर्जुनाच्या वांट्याला असा हिशेब क्वचितच येतो. अर्जुन म्हणजे शुभ्र. जुनीं सालपटें टाकून हें झाड फिकट, गुळगुळीत अंगानें उभें असतें. हृदयविकारावर त्याची साल आयुर्वेदांत प्रसिद्ध, म्हणून ती सोलून नेणारे येतात. एका बाजूनें, आंतला कोवळा थर राखून काढली तर ती पुन्हा धरते. सभोंवार सोलल्यास बहुतेक झाडें मरतात, हें थिओफ्रास्टसनेंही नोंदलें आहे. बुचाच्या ओकाचा अपवाद त्यानें केला. माहुलीच्या संगमाजवळ असा एक अर्जुन मीं पाहिला, माणसाच्या कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत सोललेला. त्या चैत्रांत त्याला पालवी फुटली होती. मुळें उपाशी असल्याचें पानांना लगेच कळत नाहीं. पुढच्या चैत्रांत गेलों तेव्हां त्याच्या फांद्यांवर कावळे तेवढे बसले होते.