पांगुळगाडा

मूल धरून धरून उभं राहू लागलं की त्याच्या हाती पांगुळगाडा द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तीन लाकडी चाकं, धरायला एक दांडी आणि ढकलला की घरभर खडखडाट. गंमत आहे ती नावात. पाय धडधाकट असलेल्या मुलाच्या खेळण्याला आपण खुशाल पांगळ्याचा गाडा म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण अजून शिकायचंय एवढाच त्याचा अर्थ असतो. पुढे तेच मूल चाळिशीत किंवा सत्तरीत पाय मोडून बसलं, की घरातले हा अर्थ साफ विसरतात. पाय मग सायकलच्या साखळीसारखा होतो: तुटली, जोडली, आता चालू दे. माझं म्हणणं एवढंच की हाड जुळतं, जखम भरते, पण चालणं परत येत नाही. ते दुसऱ्यांदा शिकावं लागतं. आणि पहिल्या वेळी आपण किती शिकलो होतो याचा आपल्याला पत्ताच नसतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजून २०१२ साली आकडे मांडले: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. एवढ्या भांडवलावर उभं राहिलेलं कौशल्य दहा-दहाच्या तीन सेटांत चार दिवसांत परत मिळावं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

शिकणं हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्या दिवसांत दिला जाणारा व्यायाम बघावा. पाय पलंगावर लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि सूचना एकच: ती खाली दाबा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा. बघणाऱ्याला हा व्यायाम वाटतच नाही. करणाऱ्याच्या कपाळावर घाम येतो, जबडा आवळला जातो, दुसरा पायही ताठ होतो, पण वाटीच्या वर आतल्या बाजूला जो फुगवटा दिसायला हवा तिथे बोट टेकवलं तर मांस मऊच लागतं. स्नायू तुटलेला नसतो, त्याची नसही शाबूत असते. सांध्यात पाणी साचलं, सूज आली, की तिथून निघणारे संदेश मज्जारज्जूतच मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम दाबून धरतात. मालक हुकूम सोडतो आणि तो मधल्या मध्येच अडतो. म्हणून फिजिओ त्या जागी टिचक्या मारतो, दुसऱ्या पायाने आधी करून दाखवायला लावतो, ‘इथे बघा, इथे’ म्हणतो. हे मास्तराचं काम झालं. ऑलिव्हर सॅक्स हे तर मेंदूचे डॉक्टर. १९७४ मध्ये नॉर्वेतल्या डोंगरात पडून त्यांच्या मांडीचा स्नायू गुडघ्यापासून निखळला, आणि नीट शिवलेला तो पाय पुढे कितीतरी दिवस त्यांना आपला वाटेना. त्यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं.

यावर घरातला पहिला आक्षेप ठरलेला: आधी विश्रांती तर घेऊ दे. तो आज्जीचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस या अस्थितज्ज्ञाने तोच हिरिरीने मांडला होता, आणि मांडीचं हाड स्थिर धरणाऱ्या त्याच्या स्प्लिंटने पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिक वाचवले. मोडलेलं हाड जागेवर राहिलंच पाहिजे, यात वाद नाही. चूक होते ती हाडाची विश्रांती अख्ख्या माणसाला देण्यात. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं तेव्हा कळलं, की त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या दमसासाचं जेवढं नुकसान केलं होतं तेवढं मधल्या तीस वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं. मोजून पाच माणसं, मान्य. पण प्लास्टर कापल्यावर आतून निघणारी पोटरी ज्याने पाहिली आहे, त्याला ही गोष्ट पटायला सहावा माणूस लागत नाही.

दुखतं म्हणजे बिघडतंय, हा दुसरा आक्षेप. कधीकधी तो खराही असतो. रात्री झोपू न देणारी कळ, दुसऱ्या दिवशी वाढलेली सूज, पोटरीत अचानक आलेला गरम ठणका, यांना ‘सहन करा’ म्हणणारा फिजिओ बदलावा. पण आखडलेला सांधा सोडवताना ताण बसणारच, आणि तो टाळला की सांधा आहे तिथेच घट्ट होतो.

सगळ्यात तगडा आक्षेप तिसरा, आणि तो शहाणी माणसं घेतात: चालता चालताच जमेल की, मूल तरी कुठे व्यायाम करतं? मूल करत नाही, कारण त्याला अजून लबाडी येत नाही. मोठ्या माणसाच्या शरीराला शंभर चोरवाटा ठाऊक असतात. मांडीचा जोर गेला, तर ते धड पुढे झुकवून गुडघा सांभाळतं, नाही तर हाताने मांडी मागे दाबत चालतं. ही दुसरी चाल आपल्याकडे एका पिढीने रस्तोरस्ती पाहिली आहे, पोलिओ झालेल्यांची. त्यांच्यापाशी दुसरा इलाजच नव्हता, आणि मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण पन्नासच्या दशकात उभं राहिलं त्यामागे पोलिओ हे मोठं कारण होतं. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ची. पण ज्याचा स्नायू परत येण्यासारखा आहे, त्याने नुसतंच चालत राहणं म्हणजे लंगडण्याचा रोज रियाज करणं. दोन महिन्यांत लंगडणंही पाठ होतं, आणि मग कंबर बोलू लागते.

उरतो पैशाचा आणि वेळेचा प्रश्न, आणि इथे माझं उत्तर अर्धंच आहे. गवंड्याला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्यातून तीन दिवस दवाखाना परवडत नाही, आणि नेमक्या त्यांनाच उकिडवं बसायला लागतं. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागतं. उकिडवं बसायला तो १३०च्या पुढे जावा लागतो. खुर्चीत वाढलेल्यांच्या मापाने ज्याला ‘झालं बरं’ म्हणतात, तिथे यांची रोजीरोटी अजून अडलेली असते. एवढं मात्र खरं, की यंत्रं अपरिहार्य नाहीत. १९४५ साली थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या मांड्या परत भरल्या त्या लोखंडी बुटाला वजनं अडकवून, हळूहळू वाढवत. आपल्याकडे कापडी पिशवीत किलोची मिठाची पुडी घालून ती घोट्याला बांधतात, टाच सरकवायला खाली पावडर लावलेलं ताट ठेवतात. न मिळणारी वस्तू एकच, चोरी पकडणारा डोळा. त्यासाठी अधूनमधून का होईना, जावंच लागतं.

जिना सगळ्यात शेवटी येतो, त्यातही उतरणं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे घोकून माणूस दोन महिने एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत राहतो. मग कधीतरी हातात दुधाची पिशवी असते, फोन वाजत असतो, आणि आज आधी कुठला पाय टाकला हे खाली पोचल्यावर आठवत नाही. तोवर घरातला वॉकर बहुधा समोरच्या इमारतीत कुणाकडे तरी गेलेला असतो.