एकच गाणं, तीनदा

१९६९च्या जूनमध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडनं ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’ हे गाणं बीबीसीसाठी ११ दिवसांत तीनदा वाजवलं. १६ तारखेला एओलियन हॉलमध्ये, २४ला मेडा व्हेलच्या स्टुडिओत आणि २७ला प्लेहाउस थिएटरमध्ये, समोर श्रोते बसवून. पुढे १९९७ साली बँडचा गिटारवादक जिमी पेज यानं ‘बीबीसी सेशन्स’ हा दोन सीडींचा संच काढला, तेव्हा ही तिन्ही ध्वनिमुद्रणं त्यानं पहिल्याच सीडीत घातली. दुकानदाराच्या नजरेनं पाहिलं तर हा शुद्ध अव्यवहार. गिऱ्हाईक म्हणणार, एकाच गाण्याचे तीनदा पैसे कशाला मोजू?

ज्यानं एकाच गवयाची एकच बंदिश वेगवेगळ्या मैफलींत कान देऊन ऐकली आहे, त्याला मात्र हा प्रश्न पडायचा नाही. बंदिश तीच, पण कुठे रेंगाळायचं, कुठे सुटायचं, हे त्या संध्याकाळी ठरतं. रॉकवाल्यांचं तसंच असतं म्हटलं की काही शास्त्रीयवाले नाक मुरडतात. मुरडू देत. या तीन ध्वनिमुद्रणांत सुरुवातीचे गिटारचे ते दणादण खाली मारलेले फटकारे सारखेच आहेत, आणि मधला गिटारचा एकल तुकडा तिन्ही वेळा निराळा. श्रोते समोर आले की सगळे अधिकच उतावीळ होतात. गायक रॉबर्ट प्लांट तेव्हा अजून विशीतच होता, ड्रमर जॉन बोनमला नुकतीच एकवीस वर्षं पूर्ण झालेली. दोघांचं वय कानाला कळतं.

पण मुळात ही मंडळी रेडिओच्या दारात पुन्हापुन्हा का जात होती? एक कारण बीबीसीचं. संगीतकारांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला ठरावीक तासच रेकॉर्डी वाजवता येत. त्याला तिथे ‘नीडल टाइम’ म्हणत. उरलेले तास भरायचे तर बँडला बोलवा, स्टुडिओत वाजवून घ्या आणि ते प्रसारित करा. दुसरं कारण बँडचं. ब्रिटनमध्ये लेड झेपेलिननं त्या काळात एकही सिंगल काढली नाही आणि टीव्हीलाही ते फारसे वश नव्हते. मग त्यांचं गाणं लोकांच्या कानी पडायचं कुठून? पहिल्या सेशनला, ३ मार्च १९६९ला, त्यांची पहिली एलपी ब्रिटनच्या दुकानांत आलेलीसुद्धा नव्हती. जॉन पीलचा ‘टॉप गिअर’ हा बीबीसीवरचा संगीताचा कार्यक्रम ऐकणाऱ्या पोरांना ते आधी रेडिओवर भेटले.

आणि हे काम त्यांना जमायचंही. पेज आणि बासवादक जॉन पॉल जोन्स या दोघांनी लंडनच्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्डींवर वाजवलेलं. घड्याळाकडे बघून काम उरकणं त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं. २४ जूनला मेडा व्हेलला त्यांनी ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’ वाजवलं. मूळ गाणं अमेरिकन ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं, १९३७चं. पेजनं त्यावर एकावर एक गिटारी चढवल्या, स्लाइडची ती लाडिक घसरण मध्येच सोडून दिली, आणि रेडिओच्या एका सेशनसाठी कुणी इतका जीव ओतत नाही असं काहीतरी करून ठेवलं. त्यांच्या एकाही स्टुडिओ अल्बमसाठी हे गाणं पुन्हा मुद्रित झालं नाही. बँडच्या १९९०च्या संचात ते अधिकृतपणे बाहेर येईपर्यंत चोरट्या रेकॉर्डींवरच फिरत होतं. माझ्या मते या साऱ्या रेडिओकामातलं सर्वात देखणं तेच.

आता माझी तक्रार. पेजनं त्या पहिल्या सीडीत तारखांचा क्रम पाळला नाही. ३ मार्चची दोन गाणी झाली की मध्येच १६ जून, मग परत ३ मार्च. २४ जून संपल्यावर पुन्हा १६ जूनचं ‘समथिंग एल्स’. त्याला चढउतार साधायचा असणार, मैफल लावायची असणार. कसबी निर्मात्याची ती सवयच. पण मार्चमधला बँड आणि जूनमधला बँड एक नाही. मधल्या काळात ते अमेरिकेत गावोगाव वाजवून आले होते. तो फरक ऐकायचा तर हातात कागद-पेन्सिल घेऊन गाणी पुन्हा लावावी लागतात. मी तसंच करतो. दुसरी सीडी सरळ आहे: १ एप्रिल १९७१, पॅरिस थिएटर. नावावर जाऊ नका. ते लंडनलाच, लोअर रीजंट स्ट्रीटला, तळघरात होतं. ‘स्टेअरवे टू हेवन’ तिथे वाजलं तेव्हा ते ज्या अल्बमात आलं त्याला अजून सात महिने होते. लोक ते आदबीनं ऐकतात आणि टाळ्या वाजवतात. आपण काय ऐकतोय याची त्यांना कल्पना असण्याचं कारणच नव्हतं. त्याच संध्याकाळच्या लांबलचक ‘होल लॉट्टा लव्ह’ला मात्र सीडीवर कात्री लागली.

कात्री परवडली, कारण दुसरीकडे टेपच पुसली गेली होती. टेप महाग, त्यामुळे प्रसारण झालं की तिच्यावर दुसरा कार्यक्रम चढवायचा, ही तेव्हाची रीत. १९ मार्च १९६९ला ब्लूज वादक अलेक्सिस कॉर्नरच्या बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरच्या कार्यक्रमासाठी मुद्रित केलेली गाणी अशीच गेली ती गेलीच, असं सगळे धरून चालले होते. त्यांत एक होतं ‘सनशाइन वुमन’. हे गाणं बँडनं इतर कुठल्याच रेकॉर्डवर दिलं नाही. २०१६ साली ‘द कम्प्लीट बीबीसी सेशन्स’ निघाला तेव्हा या सेशनची तीन गाणी त्यात आली, आणि ती आली कुणा श्रोत्यानं घरी रेडिओवरून उतरवलेल्या टेपेवरून. आवाज दबलेला, कडा झिजलेल्या. त्याच संचातल्या इतर टेपांशेजारी तो गरीबच वाटतो.

पेजच्या खजिन्यातून गोष्टी उशिराच बाहेर पडतात, याचा आपल्याला जवळचाही दाखला आहे. १९७२ साली तो आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी मुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली २०१५ला. तोवर आपल्याकडच्या शौकिनांनीही चोरट्या प्रतींवरच तहान भागवली.

‘सनशाइन वुमन’ मी अनेकदा ऐकलं आहे. खरं सांगायचं तर गाणं बेताचंच. ब्लूजचा ठरीव साचा, त्यात प्लांट हाताशी येतील त्या ओळी ओवत जातो. बोनम आहे म्हणून ते उभं राहतं. टेप शाबूत असती तर १९९७ साली संच लावताना पेजनं ते गाळलं असतं, असा माझा दाट संशय आहे.